मोनोवायची लोकसंख्या १ की २? आणि शाळा बंद पडली म्हणून गाव ओस पडलं का?

प्रश्न असा होता: अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात मोनोवाय नावाचं एका माणसाचं गाव आहे, त्यावर मराठीत लेख लिहायचा आहे. २०१० च्या जनगणनेत लोकसंख्या १, २०२० च्या जनगणनेत २. बातम्यांत मात्र त्यानंतरही एकच आजी राहतात असं येतं. कोणता आकडा धरायचा? शिवाय पोस्ट आणि शाळा बंद झाल्यामुळे गाव ओस पडलं, असं लिहिलं तर चालेल का?

आकड्याचं उत्तर सोपं आहे. अधिकृत आकडा म्हणून २ लिहा आणि त्याला लागूनच सांगा की प्रत्यक्षात तिथे एकच व्यक्ती राहत होती. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं आहे. शाळा-पोस्टाचं कारण प्रत्येक बातमीत येतं, पण जनगणनेचे आकडे ओळीने मांडले की क्रम उलटा दिसतो. हे दोन प्रश्न वेगळे वाटतात, पण दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: तो आकडा नेमका कोणत्या रेषेच्या आतल्या माणसांचा आहे आणि कसा काढला आहे, हे बघायचं राहून जातं.

आधी त्या दोनाबद्दल. अमेरिकेच्या जनगणना कायद्यानुसार छापलेल्या आकड्यांवरून कोणाचीही वैयक्तिक माहिती ओळखू येता कामा नये. गावात एकच माणूस असेल तर गावाचा प्रत्येक तक्ता म्हणजे त्या माणसाचा बायोडेटाच होतो: वय, लिंग, वंश, घर स्वतःचं की भाड्याचं. म्हणून २०२० साली डिफरन्शियल प्रायव्हसी नावाची पद्धत आणली गेली. तिच्यात आकड्यांमध्ये मुद्दाम थोडी गडबड मिसळतात, कुठे एकदोन वाढवतात, कुठे कमी करतात. ही चूक नाही, तशी रचनाच आहे. काही गोष्टींना मात्र हात लावलेला नाही. राज्याची एकूण लोकसंख्या, प्रत्येक जनगणना-ब्लॉकमधली (मोजणीचा सर्वांत लहान तुकडा) घरांची संख्या आणि वसतिगृह, तुरुंग, वृद्धाश्रम यांसारख्या सामूहिक निवासांची संख्या जशीच्या तशी ठेवली आहे. गावाची लोकसंख्या या यादीत नाही. त्यातून आकडा शून्याखाली जाऊ देता येत नाही, त्यामुळे शून्य-एकच्या जवळची ठिकाणं वरच्या बाजूला सरकण्याची शक्यता जास्त असते. एकाचे दोन असे झाले.

२०१० साली पद्धत वेगळी होती. तेव्हा सारखी दिसणारी कुटुंबं दोन ठिकाणांमध्ये कागदावर अदलाबदल केली जात, पण ब्लॉकमधली डोकी तेवढीच राहत. म्हणजे २०१० चा १ हा मोजलेला आहे आणि २०२० चा २ हा मिसळलेला आहे. दोन वेगळ्या मापांनी मोजलेल्या वस्तूंची तुलना करून ‘दहा वर्षांत १०० टक्के वाढ’ असं लिहिणं हास्यास्पद होईल, तरी तसं लिहिलेलं सापडतं. गणिताने बरोबर, अर्थाने शून्य.

मग २०२० चे आकडे वापरायचेच नाहीत का? वापरायचे, पण मोठ्या रेषेसाठी. मोनोवाय ज्या बॉइड काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) आहे तिची २०२० ची लोकसंख्या १,८१०. काउंटीच्या पातळीवर ही गडबड नगण्य असते, त्यामुळे हा आकडा बिनघोर घ्या. गावाच्या वयोगटांचे, घरमालकीचे, उत्पन्नाचे तक्ते मात्र उघडूच नका. अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे नावाच्या नमुना पाहणीतले आकडे तर अशा गावासाठी निरुपयोगी आहेत, त्यांची चूकमर्यादा अंदाजापेक्षा मोठी असते. दरवर्षीचे लोकसंख्या-अंदाजही तसेच. काउंटीचा अंदाज घरांच्या प्रमाणात गावांना वाटून ते काढतात, त्यांना मोनोवायमध्ये कोण आलं-गेलं याचा पत्ता नसतो. आणि ‘गावाने तक्रार करून आकडा दुरुस्त का करून घेतला नाही’ असं कोणी विचारलं, तर जनगणनेनंतरची तक्रारीची सोय हद्दीच्या आणि प्रक्रियेच्या चुकांसाठी होती. मुद्दाम मिसळलेली गडबड त्यात दुरुस्त होत नाही.

आता महत्त्वाचा भाग. मराठी वाचकाला ‘गाव’ म्हटलं की गावठाण आणि शिवार दोन्ही एकत्र दिसतात. शेतकरी गावठाणात राहतो, सकाळी शिवारात जातो, जनगणनेत सगळे एकाच गावाच्या नावावर येतात. प्रेअरीत, म्हणजे अमेरिकेतल्या गवताळ मैदानांत, हे असं नाही. तिथला शेतकरी स्वतःच्या शेतातच घर बांधून राहतो, आपल्याकडच्या वस्तीसारखा. ‘व्हिलेज’ म्हणजे फक्त गावठाणाचा तुकडा: स्टेशन, धान्याचं कोठार, पोस्ट, किराणा, चर्च, लोहार आणि हे चालवणाऱ्यांची घरं. मोनोवायची हद्द जेमतेम ०.२१ चौरस मैल, म्हणजे सुमारे ५४ हेक्टर आहे. नेब्रास्कातल्या ‘व्हिलेज’ची जी लोकसंख्या छापली जाते ती या रेषेच्या आतली. पलीकडच्या शेतावर राहणारं कुटुंब रोज त्याच दुकानात येत असलं, त्याच शाळेत मुलं पाठवत असलं, तरी ते टाउनशिपच्या (काउंटीचा एक भाग) किंवा काउंटीच्या आकड्यात जातं.

म्हणून मोनोवायचा सर्वांत मोठा आकडा, १९३० चे १२३, ही ‘त्या गावाची’ लोकसंख्या म्हणून वाचली की घोटाळा होतो. ते दुकानदार होते, गिऱ्हाईक बाहेर होतं. पाच मैल त्रिज्येचं वर्तुळ काढा. घोडागाडीने धान्य घेऊन येऊन त्याच दिवशी दुपारपर्यंत परतता येईल, इतकं ते अंतर. त्याचं क्षेत्रफळ साधारण ७८ चौरस मैल भरतं. बॉइड काउंटीचं जमिनीचं क्षेत्र ५४० चौरस मैल आणि १९१० ची लोकसंख्या ८,८२६, म्हणजे चौरस मैलामागे सोळा माणसं. त्या हिशेबाने वर्तुळात सुमारे १,२८० लोक येतात. २०२० साली घनता चौरस मैलामागे तीनाच्या थोडी वर आहे, तेव्हा त्याच वर्तुळात २६० च्या आसपास. हा ढोबळ हिशेब आहे. नायोब्रारा आणि मिसूरी या नद्या आणि त्यांच्या काठचे चढउतार यांनी मोनोवायचं खरं वर्तुळ कापलेलं आहे, तेव्हा प्रत्यक्ष गिऱ्हाईक याहून कमीच असणार. पण पाचास एक हे प्रमाण खरं आहे. तीन किराणा दुकानांना पुरणारं गिऱ्हाईक अर्ध्या दुकानालाही पुरेनासं झालं.

आता ओळ मांडू. मोनोवाय: १९१० साली १०९, १९२० साली १००, १९३० साली १२३, १९४० साली ९९, १९५० साली ६७, १९६० साली ४०, १९७० साली १६, १९८० साली १८, १९९० साली ६, २००० साली २, २०१० साली १. या ओळीकडे टक्क्यांनी पाहिलं तर घसरण दर दशकाला वाढत जाते: आधी वीस टक्के, मग बत्तीस, मग चाळीस, मग साठ. वाचणाऱ्याला वाटतं, साठच्या दशकात काहीतरी भयंकर घडलं. पण डोकी मोजा. १९३० ते ४० मध्ये २४ गेले, पुढच्या दशकात ३२, मग २७, मग पुन्हा २४. दर दहा वर्षांनी सात-आठ कुटुंबं, इतकाच आणि जवळपास सारखा वेग. पडझड अशी झालीच नाही, गळती होती. टाकीत पाणी कमी राहिलं की तेवढीच गळती मोठी दिसते.

आता यात बंद पडण्याच्या तारखा घाला. पोस्ट १९६७ साली बंद झालं, शेवटचं किराणा दुकान १९६७ ते १९७० च्या दरम्यान, शाळा १९७४ साली. म्हणजे पोस्ट बंद होण्याच्या सात वर्षं आधीच गावात चाळीस माणसं उरली होती, आणि शाळा बंद होण्याच्या चार वर्षं आधी सोळा. तीन-चतुर्थांशाहून जास्त माणसं गेल्यावर शाळेला कुलूप लागलं. शाळा गेल्यामुळे उरलेल्यांतले काही गेले असतील, हे मान्य. पण कारण म्हणून तिला पहिल्या जागी बसवणं म्हणजे घोड्यापुढे गाडी जोडणं. १९७० च्या १६ वरून १९८० च्या १८ पर्यंतची ‘वाढ’ पाहून पुनरुज्जीवनाचा परिच्छेद लिहायचा मोह झाला तर आवरा. दोन माणसं म्हणजे एक लग्न किंवा एक बाळंतपण.

यापेक्षा बोलकी गोष्ट काउंटीच्या ओळीत आहे. बॉइड काउंटीची लोकसंख्या १९१० साली सर्वांत जास्त होती, आणि १९३० पर्यंत ती ७,१६९ वर आली होती. त्याच वीस वर्षांत मोनोवाय १०९ वरून १२३ वर गेलं. शिवार रिकामं व्हायला लागलं होतं तेव्हा गावठाण अजून भरत होतं. प्रेअरीतल्या छोट्या गावांत हे वारंवार दिसतं. शेत विकलेला किंवा मुलाच्या हाती दिलेला म्हातारा शेतकरी जवळच्या गावात घर घेतो, दुकानं जुन्या उधारीवर आणि सवयीवर आणखी काही वर्षं चालतात. गावठाणाची घट शिवाराच्या घटीमागे पंधरा-वीस वर्षांनी येते. म्हणून गावाचा इतिहास लिहिताना मी गावाचा आकडा शेवटी बघतो. आधी काउंटीचा, मग शेतांच्या आकाराचा.

शेतांचा आकार म्हणजे या सगळ्याचं इंजिन. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने एका कुटुंबाला १६० एकर मिळायचे, पाच वर्षं राहून कसण्याच्या अटीवर. सर्वेक्षणाची चौकट ६ मैल बाय ६ मैलांची टाउनशिप, तिचे ३६ सेक्शन, प्रत्येक सेक्शन ६४० एकरांचा, म्हणजे चौघांचा. पूर्वेकडच्या ओलसर आयोवात १६० एकरांवर कुटुंब जगत होतं. बॉइड काउंटीत वर्षाला साधारण ६० सेंटिमीटर पाऊस, तोही लहरी. तिथे इतक्या जमिनीवर दोन वाईट वर्षं काढणं कठीण. ज्याला जमलं नाही त्याने शेजाऱ्याला विकली. १९३० च्या दशकातला दुष्काळ आणि टोळ यांनी हे वेगाने घडवलं. पुढे ट्रॅक्टर आल्यावर एक कुटुंब तिप्पट-चौपट जमीन कसू लागलं आणि विकणाऱ्याला घेणारा शेजारी लगेच मिळू लागला. २०१७ च्या कृषिगणनेत नेब्रास्कातल्या शेताचं सरासरी क्षेत्र ९७१ एकर होतं. एकाच्या हातात सहा होमस्टेडं, म्हणजे पाच घरं रिकामी. ट्रक आणि पक्के रस्ते यांनी उरलेलं काम केलं. घोडागाडीसाठी पाच मैल लांब होते, पिकअपसाठी तीस मैलही लांब नाहीत. मोनोवाय राज्य महामार्ग १२ वर आहे. रस्ता गावात गिऱ्हाईक आणतो अशी समजूत असते, पण त्याच रस्त्याने आपलं गिऱ्हाईक मोठ्या गावाला जातं.

इतिहासाची सुरुवात ‘१९०२ साली गाव वसलं’ अशी करू नका. त्या साली फ्रीमाँट, एल्कहॉर्न अँड मिसूरी व्हॅली या रेल्वेचा फाटा तिथवर आला, गावाचे प्लॉट आखले गेले आणि पोस्ट उघडलं. पुढच्याच वर्षी ती कंपनी शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्नमध्ये विलीन झाली, त्यामुळे कागदपत्रांत दोन्ही नावं येतील, गोंधळू नका. पण जमीन त्याआधीपासून कोणाची तरी होती. नायोब्राराच्या मुखाजवळचा हा प्रदेश पोंका या मूळनिवासी लोकांचा. १८६८ च्या फोर्ट लॅरमी तहात सरकारने तो चुकून सू या दुसऱ्या मूळनिवासी लोकांना देऊन टाकला आणि १८७७ साली पोंकांना जबरदस्तीने दक्षिणेला, आजच्या ओक्लाहोमात हलवलं. त्यांचा प्रमुख स्टँडिंग बेअर मुलाला मायभूमीत पुरण्यासाठी परत आला तेव्हा त्याला अटक झाली आणि १८७९ साली ओमाहाच्या न्यायालयाने ‘इंडियन’ हाही कायद्याच्या नजरेत व्यक्ती आहे असा निकाल दिला. १८८२ साली नेब्रास्काची उत्तर सीमा ४३ व्या अक्षांशापर्यंत सरकवली गेली, म्हणून हा पट्टा डकोटातून नेब्रास्कात आला. बॉइड काउंटी १८९१ सालची. हे टप्पे दिले की १९०२ ला वस्ती इतक्या झटपट का उभी राहिली ते कळतं: जमीन मोकळी होऊन दहाच वर्षं झाली होती आणि रेल्वेची वाट पाहत बसलेले शेतकरी आधीच आजूबाजूला होते.

कागद शोधायचे असतील तर या क्रमाने जा. गावाचा मूळ आराखडा काउंटी क्लर्कच्या कार्यालयात असतो, या काउंटीचं मुख्यालय ब्यूट. आजूबाजूची जमीन कोणाला कधी मिळाली ते जनरल लँड ऑफिस या सरकारी जमीन कार्यालयाच्या संगणकीकृत नोंदींत सेक्शन-टाउनशिप-रेंज (सर्वेक्षणाच्या चौकटीतला जमिनीचा पत्ता) घालून सापडतं. नावाने शोधू नका, स्पेलिंगं बेभरवशाची असतात. सेक्शन १६ आणि ३६ वर होमस्टेड दिसणार नाही, त्या शाळेच्या जमिनी. पोस्टमास्तरांच्या नेमणुकांच्या वह्या १९७१ पर्यंतच्या उपलब्ध आहेत. त्यांत पोस्ट उघडल्याची आणि बंद झाल्याची तारीख मिळते, आणि पोस्टमास्तर बहुधा दुकानदार असल्यामुळे दुकानांचाही माग लागतो.

जनगणनेची मूळ पानं ७२ वर्षांनी खुली होतात. १९५० ची १ एप्रिल २०२२ ला खुली झाली, १९६० ची २०३२ साली होतील. म्हणजे मोनोवायसाठी १९१० ते १९५० अशा पाच गणना घरनिहाय वाचता येतात. वाचताना नावं मोजून बेरीज छापील आकड्याशी जुळते का ते पाहा. नाही जुळली तर दोन ठिकाणी तपासा. एक, गाव संपून टाउनशिप पानाच्या मध्येच सुरू होते, गणनाधिकाऱ्याची समासातली टीप बघा. दोन, पहिल्या फेरीत घरी न सापडलेले लोक शेवटी वेगळ्या पानांवर असतात: १९४० साली पान ६१ पासून पुढे, १९५० साली ७१ पासून. निम्म्या ‘हरवलेल्या’ माणसांचा पत्ता तिथे लागतो. तारखाही लक्षात ठेवा. १९१० ची गणना १५ एप्रिलची, १९२० ची १ जानेवारीची, १९३० पासून १ एप्रिलची. ऐन हिवाळ्यात शेतमजूर आणि रेल्वेचे हंगामी कामगार गावात नसतात. १९२० च्या १०० या आकड्यावर घसरणीचा सिद्धांत बांधायचा नाही, तो यासाठीच.

आणखी एक गोष्ट लेखात यावी असं वाटतं. नेब्रास्काच्या कायद्यात व्हिलेज म्हणजे १०० ते ८०० वस्तीचं नगर, पण लोकसंख्या त्याखाली गेली म्हणून दर्जा आपोआप जात नाही. म्हणून एका माणसाचंही रीतसर नगर असू शकतं. तिथल्या रहिवासी बाईच महापौर, क्लर्क आणि खजिनदार. त्यांच्या खानावळीचा मद्यपरवाना त्याच मंजूर करतात, रस्त्यांच्या निधीसाठी दरवर्षी रस्ते आराखडा सादर करतात आणि चार पथदिव्यांच्या खर्चासाठी स्वतःकडूनच कर घेतात. बातम्यांत हे गमतीदार म्हणून येतं, पण लोकसंख्येच्या अभ्यासकासाठी मुद्दा वेगळा आहे. हा दर्जा टिकला म्हणून मोनोवायला जनगणनेत स्वतःची ओळ आहे. नगर विसर्जित झालं की माणसं तिथेच राहिली तरी ओळ जाते, आकडा टाउनशिपमध्ये मिसळतो. आपल्याकडे याच्या उलट आहे: बेचिराख गावात कोणी राहत नसलं तरी महसुली दप्तरात नाव, शिव आणि गटनंबर कायम असतात, जनगणनेत ते शून्य लोकसंख्येने छापलं जातं. म्हणून शेजारच्या एखाद्या जुन्या नेब्रास्कन गावाचा आकडा अमुक सालानंतर दिसत नसेल, तर तिथे ‘लोकसंख्या शून्य’ लिहू नका. ओळ नसणं आणि माणसं नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

माहितीचौकटीत ‘लोकसंख्या’ पुढे २ (२०२०) आणि तळटीप: ‘गोपनीयतेसाठी बदललेला आकडा, प्रत्यक्ष रहिवासी १’. ‘स्थापना’ ऐवजी ‘आखणी’ १९०२. सर्वोच्च लोकसंख्या १२३ (१९३०), कंसात ‘गावहद्दीतील’. काउंटीचे १९१० आणि २०२० चे दोन आकडे शेजारी ठेवा. आणि मोनोवाय या नावाचा अर्थ ‘फूल’, असं लिहाल तेव्हा ‘असं सांगितलं जातं’ हे तीन शब्द गाळू नका.